जलसुरक्षेची फाइल एकदा पुलावर न्या

प्रति,
नागपुरातल्या शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत जलसुरक्षा शिकवणारे सर्व सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्या संपल्या की सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत स्टेशनरीच्या दुकानांत एकच मागणी सुरू होते. "काका, जलसुरक्षेचं मटेरियल आहे का?" काका न बघता खालच्या कप्प्यातून संच काढून देतात. नळातून पडणाऱ्या थेंबाचं चित्र, जलचक्राची आकृती, 'पाणी हेच जीवन' अशी घोषणा आणि एखाद्या आदर्श गावाची चार पानं माहिती. पोट्टे ते रात्रीतून उतरवून काढतात, तुम्ही श्रेणी देता आणि वर्ष संपलं की गठ्ठा रद्दीत जातो.

यात तुम्हाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आहे. श्रेणीच्या विषयाची तासिका फेब्रुवारीत भौतिकशास्त्रवाल्या सरांकडे कशी जाते, हे मला ठाऊक आहे. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' आणि अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' असा विषय राज्य मंडळानं आणला, प्रकल्प सक्तीचा केला आणि तो कुठं करायचा हे तुमच्यावर सोडलं. ती मोकळीक आपण वापरली नाही. माझं मागणं तिच्याबद्दलच आहे. प्रत्येक शाळेनं नाग, पिली किंवा पोहरा नदीवरची, नाहीतर त्यांना मिळणाऱ्या एखाद्या ओढ्यावरची एक जागा धरावी आणि दर वर्षी त्याच जागेची, त्याच पद्धतीनं, त्याच महिन्यांत नोंद करावी. फाइल मुलांची असेल, पण नोंदवही शाळेची. ती रद्दीत जाणार नाही, पुढच्या वर्गाच्या हाती जाईल.

घाई कशाची, असं विचाराल. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाचा सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून मंजूर झालेला आहे. त्यासाठी जायका या जपानच्या सरकारी विकास संस्थेचं कर्ज आहे. मलवाहिन्या पडतील, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं उभी राहतील, पुढंमागं कुणीतरी फीत कापेल आणि नदी सुधारली असं जाहीर होईल. तेव्हा अशोक चौकातली एखादी मुलगी उठून विचारेल, "आधी कशी होती?" केंद्राच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यांचे आकडे सरकारी दफ्तरात असतील. पण अमुक पुलाखाली, तमुक नाल्याच्या तोंडाशी, वस्तीच्या मागं पाणी कसं होतं, त्यात काय जगत होतं, हे कुणाकडेच लिहिलेलं नसेल. 'आधी'ची नोंद आधीच करावी लागते. काम झाल्यावर ती कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही.

वर्गात एक प्रश्न विचारून बघा: मे महिन्यात नाग नदीत पाणी कुठून येतं? नाग निघते शहराच्या पश्चिमेला, वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत. तिकडचा खडक काळा, बेसाल्टचा. असे ओढे पावसाळ्यात धावतात, हिवाळ्यात बारीक होतात आणि उन्हाळ्यात बहुतेक आटतात. त्यांचा स्वभावच तो. मग अंबाझरी तलावाच्या खाली भर उन्हाळ्यात वाहतं ते काय? ते आपलंच पाणी. नवेगाव खैरीच्या धरणातून पेंचचं पाणी आपल्या टाक्यांत येतं, बाथरूममधून आणि स्वयंपाकघरातून खाली उतरतं आणि त्यातलं पुष्कळसं प्रक्रिया न होताच नदीत पोहोचतं. काही भाग भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध होऊन कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातो, आणि या कामात नागपूरनं देशात लवकर पाऊल टाकलं, हे मान्य करायलाच हवं. तरीही मे महिन्यातली वाहती नाग ही आनंदाची बातमी नव्हे. मुलांना हे एकदा उमगलं की जलचक्राची आकृती त्यांना वेगळी काढावी लागते. त्यात पेंचची जलवाहिनी येते, संडासाचा पाइप येतो आणि शेवटी वैनगंगेवरचा गोसीखुर्दचा जलाशयही येतो. शहराच्या पूर्वेला पिली येऊन नागेला मिळते, पुढं नाग कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. आपण सोडतो ते वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या जाळ्यापर्यंत जातं. नागपूरकर आंभोऱ्याला जातात, पुलावर उभं राहून फोटो काढतात, पण हा हिशेब क्वचितच कुणी करतं.

आता मोजायचं काय? इथं मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण माझा जीव इथंच अडकलेला आहे.

बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या क्षणाचं सांगतं. कारखान्यानं रात्री दोनला काही सोडलं आणि तुम्ही सकाळी दहाला बाटली भरली, तर बाटलीला त्याची खबरच नसते. दगडाखाली राहणाऱ्या किड्यांना मात्र असते. कित्येक कीटकांचं आयुष्य पाण्यात अळीच्या रूपानं सुरू होतं आणि ते आठवडेच्या आठवडे, काहींचे तर महिनेच्या महिने पाण्यातच जातात. त्यांना उठून दुसरीकडे जाता येत नाही. दगडाखाली कोण आहे आणि कोण नाही, यावरून गेल्या काही आठवड्यांत त्या जागेवर काय गुदरलं ते कळतं.

मेफ्लायच्या अळीला शेपटीकडे बहुधा तीन लांब केस आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. कॅडिसफ्लायच्या कित्येक जाती वाळूचे कण आणि काडीकचरा लाळेच्या रेशमानं जोडून स्वतःभोवती नळी बांधतात. टाचणी म्हणजे चतुराचाच बारीक अंगाचा भाऊबंद. तिच्या अळीला मागं पानासारखे तीन कल्ले असतात. चतुराच्या अळीचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या भागात लपलेले. घाबरली की ती तिथलं पाणी जोरात मागं फेकते आणि पुढं झेपावते. तिचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तो एकदम बाहेर पडतो. हे पांढऱ्या ट्रेमध्ये बघितलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी शाळा बुडवत नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

उलट टोकाला कायरोनोमस या डासासारख्या, पण न चावणाऱ्या माशीच्या रक्तासारख्या लाल अळ्या. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. त्यांच्यासारखेच ट्युबिफेक्स, गांडुळाच्या गणगोतातले बारीक जीव, मत्स्यपेटीच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून विकतात ते. डोकं चिखलात खुपसून शेपटी हलवत बसतात. आणि पाण्यात प्राणवायू उरलाच नाही तर? मग हवेतून श्वास घेणारेच उरतात: डासांच्या अळ्या, लांब शेपटीच्या नळीतून श्वास घेणारी उंदीरशेपटी अळी. मुलांना घेऊन मी मध्य नागपुरातल्या एका पुलाखाली गेलो होतो, तेव्हा एक जण म्हणाला, "सर, इथं तं सगळे वरून श्वास घेऊन राहिले." प्रदूषणावरचं याहून नेमकं वाक्य मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

या जीवांना गुण देऊन जागेची प्रत ठरवायची पद्धत ब्रिटनमध्ये बसवली गेली. संवेदनशील कुळाला 10 पर्यंत गुण, ट्युबिफेक्सच्या गटाला 1. तिकडचे गुण आपल्या उष्ण पाण्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं भारतातल्या कुळांसाठी त्यात बदल करून घेतले. शाळेला एवढी बारकी विभागणी नको. 'नाजूक', 'मध्यम', 'काटक' असे तीन गट पुरेत. प्रत्येक गटात किती प्रकार सापडले ते लिहायचं आणि फोटो काढायचा. नाव चुकलं तरी फोटोवरून पुढं कुणी दुरुस्त करू शकतं.

रसायनशास्त्रवाल्यांसाठीही यात काम आहे. विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत 1888 सालची. तिला लागणारं सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्च बारावीच्या प्रयोगशाळेत असतंच. अनुमापन मुलांना करावंच लागतं, मग एकदा नदीच्या पाण्याचं करू द्या. मात्र वेळ लिहा. 30 अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात साधारण साडेसात मिलीग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, आणि पाणी जितकं तापेल तितकी ही जागा कमी होते. शेवाळानं हिरव्या झालेल्या तलावात दुपारी तो याहूनही वर जातो आणि पहाटे पार तळाला. फुटाळ्यावर दुपारी मोजून 'तलाव उत्तम' असा निष्कर्ष काढणारी फाइल मला नको आहे. तुलनेसाठी दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवा: आपल्याकडच्या वर्गवारीनुसार मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरमागे किमान 4 मिलीग्रॅम, अंघोळीच्या पाण्यासाठी किमान 5.

वाहण्याचा वेग मोजायला संत्रं लागतं. गंमत करत नाही. संत्रं जेमतेम तरंगतं, बहुतेक पाण्याखाली राहतं, त्यामुळं वाऱ्यानं ढकललं जात नाही आणि त्याचा रंग लांबून दिसतो. जगभर ओढ्यांवर काम करणारे लोक ते वापरतात आणि ज्या शहरात ते ढिगानं मिळतं तिथं कुणी वापरत नाही! दहा मीटर अंतर आखा, वेळ घ्या, तीनदा करा. पृष्ठभाग तळापेक्षा जोरात वाहतो म्हणून आलेल्या वेगाला साधारण 0.85 नं गुणा. पात्राची रुंदी आणि खोली माहीत असेल तर सेकंदाला किती पाणी गेलं ते निघतं. गणिताच्या सरांनाही बोलवा. आरओ विकायला येणारे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा जो टीडीएस पेन दाखवतात, तोही चालेल. त्यानं पाणी पिण्यालायक आहे की नाही हे कळत नाही, हे मात्र मुलांना आधीच सांगा. जीवाणूंसाठी एच-टू-एस कुपी मिळते, दूषित पाण्यानं ती काळी पडते. ती नागेच्या पाण्यावर वाया घालवू नका, उत्तर ठरलेलं आहे. काठावरच्या विहिरींवर लावा, तिथं ती खरंच काही नवीन सांगेल.

जागा निवडताना फक्त पुलाखालची घाण बघायची असा आग्रह नको. पश्चिमेच्या शाळांनी अंबाझरीच्या वरचे, जैवविविधता उद्यानाच्या भागातले ओहोळ धरावेत. उत्तरेच्या शाळांनी गोरेवाड्याकडचे, वनविभागाची परवानगी घेऊन. तिथं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अजून 'नाजूक' गटातलं कुणीतरी सापडतं. 1980 मध्ये ओढ्यांचे अभ्यासक व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी मांडलेली एक कल्पना मुलांना समजेल अशी आहे. उगमाकडच्या अरुंद ओढ्यावर झाडांची सावली असते, तिथलं अन्न म्हणजे काठावरून पडलेला पाला. तो कुरतडणारे जीव तिथं राहतात. प्रवाह रुंद झाला, ऊन पडलं की दगडावर शेवाळ येतं, ते खरवडणारे येतात. त्याच्याही खाली वरून वाहत आलेले बारीक कण गाळून खाणारे. लाव्ह्याकडचा साग-पळस तोडला तर खालच्या पंगतीला काय वाढलं जाणार, हे यावरून ठरतं. जाळीच्या पिशवीत वाळलेली सागाची पानं वजन करून बांधा, तीन-चार आठवडे ओढ्यात ठेवा, काढा, वाळवा, पुन्हा वजन करा. पिशवीत कोण राहायला आलं ते मोजा. या प्रयोगाचा खर्च वडापावच्या बिलाहून कमी येतो.

स्वच्छ जागांची नोंद मला घाण जागांइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची वाटते. आपल्याकडे नदीवर पैसा खर्च होतो तो तिची पार वाताहत झाल्यावर. दर उन्हाळ्यात महापालिका पोकलेन उतरवून तिन्ही नद्यांतला गाळ काढते. पुराच्या दृष्टीनं ते लागतं, हे 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आपण सगळ्यांनी पाहिलं. काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला आणि पाणी माणसांच्या घरात. पण गाळ उपसणं आणि काठाला काँक्रीटची भिंत घालणं म्हणजे नदी सुधारणं नव्हे. ओढ्याच्या काठाला साधारण 30 मीटरचा झाडांचा पट्टा असावा, असं स्वीनी आणि न्यूबोल्ड या ओढ्यांच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं. मध्य नागपुरात 30 मीटर मागायला गेलो तर लोक हसतील, आणि त्यांचं बरोबरच आहे, तिथं माणसं राहतात. वाडीच्या पलीकडे मात्र अजून मागता येतं. लेआउट पडेपर्यंत.

लांबलचक नोंदीचं मोल काय, याचं एक उदाहरण. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात व्हाइट क्ले क्रीक नावाचा एक लहानसा ओढा आहे. स्ट्राउड जल संशोधन केंद्राची माणसं 1967 पासून त्याच्याच काठावर बसून त्याचा अभ्यास करतात. ओढ्याला शेजारी माणसं मिळाली आणि त्यांनी वह्या जपल्या, हे त्याचं मोठेपण. आपल्याकडे तर पाणी आणि सांडपाण्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था, नीरी, 1958 पासून याच शहरात आहे. नीरीच्या शास्त्रज्ञांना मी याच पत्रातून विनंती करतो: वर्षातून एक शनिवार द्या, शाळांच्या नोंदींपैकी दहांतली एक निवडून त्याच जागी स्वतः मोजा आणि फरक किती आला ते आम्हाला सांगा. मुलांचे आकडे विश्वासार्ह नसतात, या आक्षेपाला दुसरं उत्तर नाही. किती विश्वासार्ह, हे मोजूनच कळेल. महापालिकेकडे मागणं लहान आहे. पुलांच्या खांबांवर मीटरचे पट्टे रंगवून द्या. पुराच्या दुसऱ्या दिवशी शाळेला पाण्याची खूण वाचता येईल, तुम्हालाही.

आता सुरक्षेबद्दल. हे मात्र हुकूम समजा. शहराच्या आत नागेच्या, पिलीच्या किंवा पोहऱ्याच्या पात्रात एकाही विद्यार्थ्यानं उतरायचं नाही. ते सांडपाणी आहे. त्यात लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू असू शकतात, काच आहे, सुया आहेत. नमुना पुलावरून दोरी-बादलीनं शिक्षकानं काढायचा, हातमोजे घालून. संत्रंही पुलावरूनच टाकायचं आणि परत आणायला जायचं नाही. वेग मोजायला दोन खांब पुरतात. खोली काढता येत नसेल तर तो रकाना रिकामा राहू द्या. दगड उलटून किडे बघायचे ते फक्त वरच्या स्वच्छ ओहोळात, घोट्याएवढ्या पाण्यात, बूट घालून. आदल्या चोवीस तासांत पाऊस झाला असेल किंवा आभाळ भरलं असेल तर सहल रद्द. पालकांची सही हवी. बघून झालेले किडे जिथून घेतले तिथंच सोडायचे, फॉर्मेलिनच्या बरण्या नकोत.

मुख्याध्यापक काय म्हणतील, याची कल्पना आहे. "आधीच एसएससीचा निकाल, त्यात ही भानगड!" त्यांना सांगा की वर्षातून तीन फेऱ्या पुरेत: पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, जानेवारीत आणि उन्हाची काहिली सुरू होण्याआधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. नववी आणि अकरावीवर हे काम द्या, दहावी-बारावीला फक्त आकडे मांडू द्या, आलेख काढू द्या. प्रकल्प तर तसाही सक्तीचा आहे. शहरात नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर शाळांचा तोटा नाही, आणि ज्यांना नदी लांब आहे त्यांना गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा असे तलाव आहेत. तलावाची पद्धत थोडी वेगळी, पण वही तीच.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर जागेचं नाव लोक जसं घेतात तसंच लिहा, सोबत अक्षांश-रेखांश. दर वेळी तारीख, वेळ, हवेचं आणि पाण्याचं तापमान, शेवटचा पाऊस कधी, पाण्याचा रंग आणि वास, काठावर त्या दिवशी काय चाललं होतं: धोबी, म्हशी, राडारोडा, पूजेचं निर्माल्य. काही सापडलं नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका. कोरा रकाना म्हणजे कुणी बघितलंच नाही, आणि शून्य म्हणजे बघितलं, पण नव्हतं. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला हा फरक लागणार आहे.

यंदाची पहिली फेरी ऑक्टोबरात होऊ शकते. कोणती शाळा कोणता पूल धरते, हे विज्ञान शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत ठरवून घ्या, म्हणजे पंचशील चौकाच्या पुलावर पाच शाळा आणि पारडीकडे कुणीच नाही, असं होणार नाही. पारडीकडच्या एखाद्या शाळेनं हात वर केला तर ट्रे, चाळण्या आणि भिंग घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
धरमपेठ, नागपूर